कंत्राटी कामाचा दिवसाचा दर: कसा काढावा, कसा मागावा

"दिवसाचे किती घेता?" हा प्रश्न बहुतेक वेळा पहिल्याच फोनवर येतो. तयारी नसली की तोंडून जो आकडा निघतो, तो जुन्या पगाराला कामाच्या दिवसांनी भागून आलेला असतो. वर्षाचा पगार ६५,००० होता, कामाचे दिवस २६०, म्हणजे दिवसाला २५०. समोरचा लगेच हो म्हणतो. त्याच्या बाजूने ते साहजिकच आहे. पगारी माणसाची रजा, आजारपण, निवृत्तीची तरतूद, प्रशिक्षण, कॉम्प्युटर हा सगळा खर्च त्याच्या डोक्यावरून उतरून तुमच्या डोक्यावर आला, आणि दर मात्र पगाराचाच राहिला.

दराची बोलणी करताना माणूस कचरतो तो स्वभावामुळे कमी आणि हिशेब केलेला नसल्यामुळे जास्त, असं माझं ठाम मत आहे. आपला आकडा कुठून आला हे ज्याला माहीत असतं, त्याला तो सांगताना आवाज चढवावा लागत नाही आणि माफीही मागावी लागत नाही. म्हणून या लेखाचा मोठा भाग फोन येण्याआधी करायच्या कामाबद्दल आहे. आकडे कोणत्याही चलनातले समजा. तुमचे स्वतःचे घालून तेच गणित करा.

आधी बिल लागणारे दिवस मोजा

दर काढताना सगळ्यात मोठी चूक होते ती इथे. वर्षात ५२ आठवडे, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे २६०. यातल्या किती दिवसांचे पैसे खरोखर मिळणार?

सार्वजनिक सुट्ट्या १० धरा, स्वतःची रजा २०, आजारपण आणि घरच्या अडचणी ७. उरले २२३. आता बिलं करणं, पैशांचा पाठपुरावा, कोटेशन देणं, नव्या लोकांना भेटणं, हिशेब ठेवणं. याला आठवड्याला अर्धा दिवस सहज जातो. वर्षाचे २५ दिवस धरू. उरले १९८. नवीन काही शिकायला ८ दिवस, उरले १९०. आणि मग एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंतचे रिकामे दिवस. नव्या माणसाने इथे ३० तरी धरावेत. शेवटी हातात राहिले १६०.

हा आकडा पाहून पुष्कळांना वाटतं की आपण फार सावध हिशेब करतोय. शंका वाटत असेल तर गेल्या वर्षाची बिलं काढा आणि पैसे मिळालेले दिवस मोजा. ज्यांना सलग वर्षभराचं काम मिळतं त्यांचे दिवस २००च्या पुढे जातात, तुकड्यातुकड्याने काम करणाऱ्यांचे १४०वरही थांबतात. स्वतःचे मोजा, दुसऱ्याचे उसने घेऊ नका.

मग वर्षाची गरज

घरखर्चाला वर्षाला ४८,००० लागतात असं समजा. निवृत्तीसाठी आणि अडीअडचणीसाठी ६,०००. म्हणजे कर भरून झाल्यावर हातात ५४,००० उरायला हवेत. नफ्यावर सरासरी २० टक्के कर जातो असं धरलं तर कराआधी किती लागतील?

इथे घाईत ५४,००० मध्ये २० टक्के मिळवले जातात आणि ६४,८०० आकडा येतो. पण त्यावर २० टक्के कर गेला की हातात ५१,८४० उरतात, म्हणजे २,१६० कमी पडतात. बरोबर पद्धत अशी: ५४,००० ला ०.८ ने भागायचं. उत्तर ६७,५००. यात धंद्याचा खर्च मिळवा: अवजारं किंवा सॉफ्टवेअर, विमा, हिशेबनीस, फोन, प्रवास. तो ७,५०० धरला तर एकूण ७५,०००.

७५,००० भागिले १६०, म्हणजे जवळपास ४६९. पगार भागून आलेला आकडा होता २५०.

तीन आकडे कागदावर लिहा

४६९ हा तुमचा तळ झाला. याखाली काम घेतलं तर वर्षाच्या शेवटी कुठेतरी खड्डा पडणार: निवृत्तीच्या तरतुदीत, रजेत किंवा तब्येतीत. पण तळ म्हणजे दर नव्हे. बुडीत बिलं, ऐन वेळी रद्द झालेली कामं, महागडी दुरुस्ती यांसाठी वर १० टक्के ठेवा, म्हणजे साधारण ५१५. ही तुमची अपेक्षा. आणि बोलणीत थोडी जागा राहावी म्हणून मागणी ५५०.

हे तीन आकडे डोक्यात ठेवू नका, कागदावर लिहून फोनशेजारी ठेवा. बोलताना समोरच्याचा सूर नाराजीचा झाला की तळ आपोआप खाली सरकू लागतो. कागदावरचा सरकत नाही.

बाजार काय म्हणतो

हिशेब तुमची गरज सांगतो. तेवढे कोणी देईल का, हे तो सांगत नाही. त्यासाठी विचारपूस करावी लागते. त्याच क्षेत्रातल्या माणसाला "तू किती घेतोस?" असं थेट विचारलं तर तो अवघडतो. त्याऐवजी "अमुक अनुभवाच्या माणसाने अशा कामाला किती सांगितले तर लोक तयार होतात?" असं विचारा. एका बैठकीत दराचा पट्टा, म्हणजे कमीत कमी ते जास्तीत जास्त किती, नीट कळतो. कामं मिळवून देणाऱ्या दोन-तीन एजन्सींशी बोला, आणि कंत्राटी माणसं कामाला ठेवणाऱ्या एखाद्या ओळखीच्या व्यवस्थापकाशीही बोला. त्याच्या बाजूचे आकडे फार उपयोगी पडतात.

बाजाराचा पट्टा तुमच्या तळाच्या वर असेल तर प्रश्नच नाही, पट्ट्यानुसार मागा. गरज कमी आहे म्हणून दर कमी ठेवायचं काही कारण नाही. पट्टा तळाच्या खाली असेल तर मात्र बोलणीचं कितीही कौशल्य कामी येणार नाही. मग एकतर खर्च आणि रिकामे दिवस कमी करायचे, किंवा कामाचा प्रकार आणि गिऱ्हाईक बदलायचं. हे नीट कळायलाही आधी तळ माहीत असावा लागतो.

"एक दिवस" म्हणजे किती तास

यावर भांडणं होतात, कारण आधी कोणी बोललेलंच नसतं. दिवसाला ५०० ठरले आणि दिवस ८ तासांचा असेल तर तासाला ६२.५० पडतात. रोज १० तास थांबावं लागलं तर तासाला ५०. दरात एका शब्दाचाही बदल न होता २० टक्के कपात झाली.

म्हणून दर सांगताना तास सोबतच सांगा: "दिवसाचे ५५०, आठ तासांचा दिवस, त्यावर तासाप्रमाणे." अर्ध्या दिवसाचं काम निम्म्या दरात घेऊ नका. उरलेला अर्धा दिवस दुसरीकडे विकला जाणं अवघड असतं, त्यामुळे ६० टक्के मागणं रास्त आहे. लांबचा प्रवास, रात्री-अपरात्री फोन उचलण्याची तयारी, सुट्टीच्या दिवशीचं काम यांचे दर आधीच ठरवा. आणि ऐन वेळी रद्द होणाऱ्या दिवसांचं काय? आदल्या दिवशी रद्द केलं तर पूर्ण पैसे, दोन-तीन दिवस आधी कळवलं तर निम्मे, अशी अट पुष्कळ ठिकाणी मान्य होते. ती पहिल्या दिवशी मागितली तर कोणाला खटकत नाही. काम रद्द झाल्यावर मागितली तर वाद होतो.

आकडा कोणी आधी सांगायचा

आधी बोलेल तो हरेल, असा एक समज आहे. मला तो अर्धवट वाटतो. १९७४ साली आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवलं जाई, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं होतं. मग विचारलं जाई की संयुक्त राष्ट्रांमध्ये आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल. ज्यांनी १० पाहिले त्यांचा मधला अंदाज २५ आला, ज्यांनी ६५ पाहिले त्यांचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काही संबंध नव्हता, तरी पहिल्या आकड्याने उत्तर आपल्याकडे ओढलं.

दराच्या बोलणीत तर पहिल्या आकड्याचा विषयाशी थेट संबंध असतो. तेव्हा बाजार माहीत असेल तर आकडा तुम्हीच आधी सांगा, नाहीतर समोरचा "आमच्या माणसाला २५० पडतात" म्हणेल आणि सगळं बोलणं त्या २५० भोवती फिरत राहील. बाजार माहीत नसेल, काम नव्या प्रकारचं असेल, तर मात्र आधी विचारा: "या कामासाठी तुम्ही साधारण किती रक्कम धरली आहे?" उत्तर मिळेलच असं नाही, पण विचारण्यात काही जात नाही.

त्याआधीही एक पायरी आहे. दराकडे वळण्यापूर्वी कामाबद्दल भरपूर विचारा. हे काम आत्ताच का निघालं? झालं नाही तर काय अडेल? आधी कोणी प्रयत्न केला होता का? तारीख कशामुळे ठरली आहे? ज्या कामावाचून दुसऱ्या दहा माणसांचं काम खोळंबलं आहे, त्याचा दर आणि सवडीने करायच्या कामाचा दर सारखा नसतो. ही माहिती दर सांगून झाल्यावर मिळाली तर तिचा उपयोग नाही.

आकडा सांगताना एकच सांगा. "५०० ते ५५०" म्हटलं की समोरच्याला ५०० एवढंच ऐकू येतं. आणि आकडा सांगून झाल्यावर गप्प बसा. पलीकडे शांतता झाली की ती भरून काढायला "पण बघू, थोडं इकडंतिकडं होईल" असं वाक्य आपल्याच तोंडून निघतं, आणि समोरच्याने काही न मागता सूट दिली जाते. तो बहुतेक वेळा फक्त आकडा लिहून घेत असतो.

नेहमी ऐकू येणारी वाक्यं

"आमचं बजेट ४५० पर्यंतच आहे." याला दर कमी करून उत्तर देऊ नका, काम कमी करून द्या. "४५० च्या हिशेबाने जेवढं एकूण बिल होतं तेवढ्यात बसवायचं असेल तर शेवटचा अहवाल आणि प्रशिक्षणाचा भाग तुमच्या माणसांकडे ठेवू, मी मुख्य काम पूर्ण करतो. तेवढेच दिवस कमी लागतील." दिवसाचा दर तसाच, एकूण बिल कमी. बजेट खरंच तेवढं असेल तर त्याला वाट मिळते; नुसतं चाचपून पाहत असेल तर तेही लगेच कळतं. एकदा उतरवलेला दर पुढच्या प्रत्येक कामाला चिकटतो, हे लक्षात ठेवा.

"आमच्या कर्मचाऱ्याला एवढा पगार नाही." शांतपणे सांगा की पगाराशी तुलना करायची तर रजा, विमा, निवृत्तीची तरतूद, जागा, साधनं आणि भरतीचा खर्च मिळवून करावी लागेल, शिवाय काम संपल्यावर त्यांच्यावर काहीच भार उरणार नाही. कंपनीला कर्मचारी त्याच्या पगारापेक्षा बराच महाग पडतो हे हिशेब पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. वाद घालायचा नाही, एवढं सांगून थांबायचं.

"हे पहिलं काम जरा कमी दरात करा, पुढे भरपूर काम आहे." पुढचं काम आज कागदावर असेल तर त्याची किंमत करता येते. नसेल तर म्हणा, "पुढची कामं आली की एकूण दिवसांवर सवलत देऊ. पहिल्या ४० दिवसांचं बिल झालं की ४१व्या दिवसापासून ५ टक्के कमी." म्हणजे सवलत त्यांनी आधी कमवायची.

"दुसरा एक जण ४०० मध्ये करतोय." असेलही. त्याच्या कामाबद्दल वाईट बोलू नका. "त्यांच्या दरात काय काय धरलंय ते एकदा पाहून घ्या, तुलना करायला मी माझ्या कामाची यादी पाठवतो," एवढं पुरेसं आहे.

सूट द्यायची तर मोजून द्या

१० टक्के सूट ऐकायला किरकोळ वाटते. ५१५ वर ती दिली तर दर ४६३.५० होतो, म्हणजे तुमच्या तळाच्याही खाली. १६० दिवसांत मिळणारे पैसे १० टक्के कमी दराने मिळवायला जवळपास १७८ दिवस लागतात. हे १८ दिवस तुमच्या रजेतून जातात.

तरी काही वेळा सूट देणं शहाणपणाचं असतं, आणि त्याचं मुख्य कारण सलग काम. दीर्घ कंत्राटामुळे रिकामे दिवस ३० वरून १५ वर आले तर बिल लागणारे दिवस १७५ होतात आणि तळ ४२९ वर येतो. या फरकातला काही वाटा क्लायंटला देणं दोघांच्याही फायद्याचं आहे. पण इथे कराराचं कलम नीट वाचा. सहा महिन्यांचं कंत्राट आणि एका आठवड्याच्या नोटिशीवर बंद करण्याची मुभा, असं असेल तर तुमच्या हातात प्रत्यक्षात एका आठवड्याचंच काम आहे. त्यावर सहा महिन्यांची सूट देऊ नका. चार आठवड्यांची नोटीस किंवा किमान दिवसांची हमी मागा. ती मिळाली तर दरात उतरा.

एजन्सीमार्फत काम असेल तर आणखी एक प्रश्न विचारायचा: तुमचे टक्के कशावर? तुमच्या ५०० वर २० टक्के म्हणजे क्लायंटला ६०० पडतात. पण क्लायंटच्या ६०० मधून २० टक्के कापले तर तुम्हाला ४८० मिळतात. दोन्हीला लोक "वीस टक्के" असंच म्हणतात. क्लायंट एकूण किती देतोय हे कळलं तर बोलणीला जागा कुठे आहे तेही कळतं, कारण पुष्कळदा ती क्लायंटच्या खिशात नसून एजन्सीच्या वाट्यात असते.

पैसे कधी मिळणार, हाही दराचाच भाग

महिन्याला २० दिवस, ५०० दराने, म्हणजे १०,००० चं बिल. महिनाअखेरीला बिल आणि त्यानंतर ६० दिवसांनी पैसे अशी अट असेल तर पहिला पैसा ९०व्या दिवशी हातात येतो. तोवर ३०,००० चं काम तुम्ही उधारीवर केलेलं असतं. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर ६० दिवसांचे जवळपास २ टक्के होतात. एवढे दरात मिळवणं रास्त आहे. पण खरा धोका व्याजाचा नाही. क्लायंट अडचणीत आला तर सगळे ३०,००० अडकतात.

त्यामुळे दरावर गाडी अडली की मी पैशांच्या तारखेकडे वळावं असं सांगेन. दर ५५० वरून ५३० करायचा, पण बिल दर पंधरवड्याला आणि पैसे १४ दिवसांत. दर मंजूर करणारा आणि पैशांच्या अटी ठरवणारा माणूस मोठ्या कंपन्यांत बऱ्याचदा वेगळा असतो, तेव्हा हे लवकर विचारा. नव्या क्लायंटकडून पहिल्या पाच-दहा दिवसांचे पैसे आगाऊ मागायला संकोच करू नका. उशिरा येणाऱ्या पैशांवर व्याज मागण्याचा हक्क पुष्कळ देशांच्या कायद्यांत आहे; तुमच्याकडे काय नियम आहे ते करार करण्याआधी पाहून ठेवा. तसंच, एकाच क्लायंटकडे ठरलेल्या वेळी, त्याच्याच साधनांनी, त्याच्याच हुकमाने काम चालत असेल तर कायदा तुम्हाला कर्मचारी मानू शकतो का, हेही करसल्लागाराला विचारा. त्याचा करावर परिणाम होतो, म्हणजे तळावरही होतो.

ठरलं ते त्याच दिवशी लिहून पाठवा

करार यायला आठवडे लागतात. तोवर थांबू नका. फोन ठेवल्यावर तासाभरात एक साधा मेल जाऊ दे:

"आजच्या बोलण्याप्रमाणे: दिवसाचा दर ५३०, दिवस आठ तासांचा, त्यापुढील वेळ तासाप्रमाणे. सुरुवात पुढच्या सोमवारी, अंदाजे ६० दिवस. बिल दर पंधरवड्याला, रक्कम १४ दिवसांत. प्रवासखर्च पावतीप्रमाणे वेगळा. एक दिवस आधी रद्द झालेल्या दिवसाचे पूर्ण पैसे. दोन्ही बाजूंना चार आठवड्यांची नोटीस. दराचा फेरविचार सहा महिन्यांनी. काही वेगळं समजलं असेल तर कृपया उद्यापर्यंत कळवा."

शेवटचं वाक्य गाळू नका. आणि उत्तरात "ठीक आहे" आल्याशिवाय पहिला दिवस सुरू करू नका.

दरवाढ

मेलमधल्या "फेरविचार सहा महिन्यांनी" या ओळीचं मोल पुढे कळतं. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तर आजच्या ५०० ची किंमत तीन वर्षांनी ४३२ एवढीच उरते. दर न वाढवणं म्हणजे दरवर्षी थोडी थोडी सूट देत राहणं. तरी जुन्या क्लायंटकडे विषय काढायला जीव कचरतो, म्हणून तारीख आधीच ठरलेली बरी.

मुदत संपण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी बोला. शेवटच्या आठवड्यात बोललात तर त्यांना अडवून धरल्यासारखं वाटतं, आणि त्यांच्या वर्षाच्या बजेटची मंजुरीही निघून गेलेली असते. दर का वाढतोय याची लांबलचक कारणं देऊ नका. या काळात काय काम झालं, त्याने त्यांचं काय सोपं झालं, हे चार ओळींत लिहा आणि नवा दर, नवी तारीख सांगा: "१ तारखेपासून माझा दर ५६५ असेल. सध्या चालू असलेला टप्पा जुन्याच दराने पूर्ण करतो." चालू काम मध्येच महाग करायचं नाही, एवढं पथ्य पाळलं तर चांगले क्लायंट दरवाढीवर सहसा तुटत नाहीत.

जो तुटेल, त्याला आपल्या क्षेत्रातलं त्या दरात काम करणारं एखादं विश्वासू नाव सुचवा आणि हातातलं काम नीट लिहून त्या माणसाच्या हवाली करा. सगळ्यात कमी दर देणारा क्लायंट गेल्यावर जे दिवस मोकळे होतात, त्यांतले पहिले काही दिवस नव्या दराने काम देणाऱ्यांना गाठण्यासाठी राखून ठेवा. बिलं, कोटेशन आणि नव्या लोकांच्या भेटी यांसाठी धरलेल्या २५ दिवसांत ते आधीच आलेले आहेत.